काचेच्या पेटीतल्या बाळालाही आई हवी



गावात बातमी येते, "अमकीची सून बाळंत झाली, पण बाळ सातमाशी आहे. पेटीत ठेवलंय." सांगणारीचा आवाज खाली येतो. ऐकणारी विचारते, "वाचेल का गं?" मग कुणीतरी म्हणतं, "आता सगळं डॉक्टरांच्या हाती."

आज आम्हाला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. आम्ही नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात काम करणाऱ्या परिचारिका. रोज पेटीतली बाळं पाहतो. आमचा अनुभव असा, की सगळं डॉक्टरांच्या हाती नसतं. बरंच काही आईच्या, बापाच्या आणि आजीच्या हाती असतं. आणि थोडं तुमच्या बचत गटाच्याही हाती असतं. ते कसं, ते सांगतो.

पेटीत कोणती बाळं ठेवतात?

जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी एक खास कक्ष असतो. त्याला एसएनसीयू म्हणतात. ज्या बाळाचं वजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी आहे, जे ३४ आठवडे भरायच्या आधी जन्मलं आहे, जन्मल्यावर रडलं नाही, ज्याला श्वासाचा त्रास, जास्त कावीळ किंवा जंतुसंसर्ग आहे, अशी बाळं तिथे ठेवतात. आपण सरसकट 'काचेची पेटी' म्हणतो, पण तिथे वरून ऊब देणारी यंत्रं असतात, काविळीसाठी निळे दिवे असतात, प्राणवायू असतो, सलाईन असतं. पोटात दूध जावं म्हणून नाकातोंडातून बारीक नळी घातलेली असते. हे सगळं पहिल्यांदा पाहिलं की आईचे पायच लटपटतात. नळ्या दिसतात, बाळ दिसतच नाही.

आपल्याकडे अजून एक समज आहे, की सातमाशी बाळ जगतं आणि आठमाशी जगत नाही. हे खरं नाही. आईच्या पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला, की बाळाचं फुप्फुस आणि मेंदू तेवढा पक्का होतो. म्हणून आठमाशी बाळाची आशा सातमाशीपेक्षा जास्तच असते. "आठव्याचं आहे, राहू द्या," असं म्हणून कुणी उपचार थांबवू नका.

पोटातलं घर आणि कक्षातलं घर

आता बाळाच्या बाजूने पाहू. आईच्या पोटात अंधार असतो. आवाज येतात ते पाण्यातून आल्यासारखे, दबलेले. आईच्या काळजाचे ठोके सतत ऐकू येतात. बाळ गोल मुटकुळं करून असतं, चारी बाजूंनी धरल्यासारखं. ऊब कायम सारखी असते.

हे बाळ दोन-अडीच महिने आधी बाहेर येतं. डोळ्यांवर दिव्यांचा उजेड, कानाशी यंत्रांची टीं-टीं, टाचेला सुई, अंगाला चिकटपट्ट्या. हातपाय पसरलेले, धरायला कुणी नाही. आणि हेच ते आठवडे असतात, ज्यांत बाळाचा मेंदू फार झपाट्याने वाढत असतो. औषध आणि प्राणवायू बाळाचा जीव वाचवतात. पण त्याचा मेंदू नीट वाढावा, त्याने ताकद श्वासासाठी आणि वजनासाठी वापरावी, रडण्यात घालवू नये, यासाठी त्याला पोटातल्यासारखं थोडं तरी घर द्यावं लागतं.

म्हणून आम्ही पेटीवर जाड कापड टाकतो, म्हणजे उजेड थेट पडत नाही. हळू बोलतो. तपासणी, लंगोट बदलणं, नळीतून दूध देणं ही कामं शक्य तेवढी एकत्र करतो, म्हणजे मधल्या वेळेत बाळाला सलग झोप मिळते. आणि मऊ कापडाची गुंडाळी करून त्याच्याभोवती गोल वेटोळं करतो. घागरीखाली आपण चुंबळ ठेवतो ना, तशीच ही बाळाची चुंबळ. त्याच्या हातापायांना कड लागते, धरलेलं वाटतं, आणि ते शांत होतं.

पण एवढं करूनही एक गोष्ट आमच्याकडे नसते. आईचा वास, आईचा आवाज आणि आईचं दूध.

आमच्याकडून झालेली चूक

हे आम्हाला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी, आम्ही जिथे काम करत होतो तिथे, आईला आत येऊ देत नसत. जंतू येतील, गर्दी होईल, यंत्रांना हात लागेल, ही कारणं. आम्हीही तसंच सांगायचो, "बाई, बाहेर थांबा, आम्ही आहोत ना."

एक आई तीन आठवडे दाराच्या काचेतून बघत राहिली. बाळाचं वजन वाढलं, सुट्टीचा दिवस आला. आम्ही आनंदाने बाळ तिच्या हातात द्यायला गेलो, तर ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच घ्या. मला नाही येत. हे तुमचंच आहे." तिचं दूधही आटलं होतं. त्या बाळाला आम्ही वाचवलं होतं, पण आईला त्याच्यापासून लांब ठेवलं होतं. ते बाळ घरी वरच्या दुधावर गेलं. पुढे त्याचं काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. अजून आठवण आली की वाईट वाटतं.

आता नियम बदलला आहे. दिल्लीतल्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना हात धुण्यापासून सगळं शिकवून कक्षात सोबत घेतलं गेलं. त्यामुळे जंतुसंसर्ग वाढला नाही, आणि आईचं दूध मिळणारी बाळं मात्र वाढली. २०१७ साली केंद्र सरकारने देशभरच्या अशा कक्षांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन काळजी करण्याच्या सूचना काढल्या. म्हणजे पेटीतल्या बाळाजवळ आईने असणं ही आता मेहरबानी राहिलेली नाही. ती उपचाराचाच भाग आहे. कुणी अडवलं तर नम्रपणे विचारा, "आम्हाला हात धुवायला आणि आत यायला कधी शिकवाल?"

हे आपल्याच मातीने दाखवलंय

बायांनो, साध्या घरातली बाई नवजात बाळाला वाचवू शकते, हे जगाला दाखवलं ते आपल्या गडचिरोलीने. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ साली इथल्या गावांत जन्म-मृत्यूची बारीक नोंद सुरू केली. तेव्हा १००० बाळं जन्मली तर ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. मग ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला उबेत ठेवणं, वजन करणं, आईला पाजायला मदत करणं, न रडलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. १९९७-९८ पर्यंत त्या गावांत ६२ चा आकडा २५ पर्यंत खाली आला. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या १०० बाळांपैकी पूर्वी ३३ जात होती, ती १० वर आली. तिथे काचेची पेटी नव्हती. ऊब, आईचं दूध, स्वच्छता आणि वेळेवर लक्ष, एवढंच होतं. १९९९ साली 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरी येऊन बाळ तपासतात.

आम्ही हे का सांगतो? कारण दवाखान्याच्या दारात पोहोचलं की आपल्या बायांना वाटतं, आपण अडाणी, इथे आपलं काय काम. काम आहे, आणि ते तुमच्यासारख्याच बायांनी करून दाखवलं आहे.

छातीशी बाळ

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या शेवटी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. डॉ. एडगर रे यांनी आयांना सांगितलं, बाळ उघड्या छातीशी धरा. कांगारू आपलं पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवते, तसं. म्हणून याला कांगारू मातृसेवा म्हणतात.

पुढे जगभर अभ्यास झाले. २०२१ साली भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांच्या दवाखान्यांचा एकत्र अभ्यास छापून आला. त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांना तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या महिन्यात १०० पैकी जवळपास १६ बाळं जात होती, या पद्धतीत १२ गेली. त्यासाठी आईची खाट कक्षातच बाळाजवळ होती.

छातीशी धरायचं कसं? पहिल्यांदा सिस्टरसोबतच शिका. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आईच्या पोलक्याची बटणं उघडी. बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, नाक मोकळं. वरून मऊ कापडाने दोघांना बांधायचं. आईने टेकून बसायचं किंवा अर्धवट पहुडायचं, सपाट झोपायचं नाही. एकदा धरलं की निदान तासभर धरायचं. दिवसभरात जितके तास जमतील तितके चांगले, आठ तासांच्या वर गेलं तर फारच छान. अंगाची ऊब बाळाला मिळते, श्वास सुधारतो, दूध वाढतं. लांबून आणलेलं बाळ घरी नेताना गाडीतही, सिस्टरने परवानगी दिली तर, असंच छातीशी धरून न्यावं. भामरागड किंवा सिरोंचाकडच्या लांबच्या रस्त्यावर याहून चांगली ऊब नाही.

बाळ बोलतं, ते ऐका

इवलंसं बाळ रडून सांगू शकत नाही, पण सांगतं. बोटं फाकवली, पाठ ताणली, तोंड वळवलं, उचकी लागली, अंगाचा रंग बदलला, तर ते म्हणतं, "आता बस." मग बोलणं थांबवा, हात स्थिर ठेवा, वाट बघा. रंग निळसर झाला किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला, तर लगेच सिस्टरला हाक मारा. आणि बाळ शांत डोळे उघडून बघतंय, हात तोंडाकडे नेतंय, ओठ चोखल्यासारखे करतंय, तर ते म्हणतं, "ये, माझ्याशी बोल."

हात लावायचा तर थोपटू नका, बोटांनी कुरवाळू नका. कोवळ्या कातडीला ते सहन होत नाही. एक तळवा डोक्यावर, एक पावलांवर, आणि तसाच स्थिर ठेवा. सुई टोचताना आईने असं धरलं, किंवा तोंडात आईच्या दुधाचे दोन थेंब दिले, तर बाळाचं दुखणं कमी होतं. आईने हळू आवाजात बोलावं. माडिया असेल तर माडियात, गोंडी असेल तर गोंडीत, तेलुगू असेल तर तेलुगूत. बाळाने पोटात तोच आवाज ऐकला आहे.

चिकाचा थेंब वाया घालवू नका

चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. म्हणून ते अंगावर पीत नाही. याचा अर्थ दूध नको असा नाही. पहिला पिवळा चीक हातानेच, धुतलेल्या आणि उकळलेल्या वाटीत काढा. पहिल्या काही तासांतच सुरुवात करा. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढा, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी थेंबच निघतील. घाबरू नका, बाळाच्या पोटात तरी चमचाभर कुठे मावतंय? ते आधी नळीने जाईल, मग बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, मग अंगावर. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका. लगेच सिस्टरकडे द्या.

आत जाताना हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, मिनिटभर तरी चोळा. नखं कापलेली हवीत. अंगठी, घड्याळ, हातातला दोरा, बांगड्या काढाव्या लागतात. बाळंतिणीने बांगड्या काढणं आपल्याकडे बायांच्या जिवावर येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. निघत नसतील किंवा काढायच्या नसतील तर गप्प राहून परत फिरू नका. सिस्टरला दाखवा, काय करायचं ते त्या सांगतील. सर्दी, ताप, अंगावर फोड असेल त्या दिवशी आत जाऊ नका.

बाप आणि आजी

आईचं सिझर झालं असेल, ती दुसऱ्या दवाखान्यात असेल, तर बाळ बापाच्या छातीशी ठेवता येतं. आजीच्याही. बापाने आदल्या दिवसापासून खर्रा-तंबाखू, बिडी बंद ठेवावी, आंघोळ करून स्वच्छ कपड्यांत यावं. सुरुवातीला बाप लाजतात. तासाभराने पोर छातीवर झोपलं, की उठायला तयार नसतात. आजीला आत शिकवलं तर घरी गेल्यावर कानात तेल, घुटी, मध, धुरी हे विषय आपोआप संपतात, कारण आजीने स्वतः ऐकलेलं असतं.

गटाने काय करायचं?

बाळ तीन-चार आठवडे कक्षात राहू शकतं. आईला मात्र चौथ्या दिवशी घरी जावंसं वाटतं. घरी मोठं लेकरू आहे, रोवणी आहे, मोहफुलं पडली आहेत, तेंदूपत्त्याचे चार दिवसच काम असतं. नवऱ्याची मजुरी बुडते. मग आई जाते, बाळ एकटं राहतं. नाहीतर "जे व्हायचं ते घरी होऊ दे" म्हणून बाळ अर्ध्यातून घरी आणतात. अशी बाळं आम्ही गमावली आहेत. यंत्र कमी पडलं म्हणून नाही, आईला थांबता आलं नाही म्हणून.

इथे गट कामी येतो. पुढच्या बैठकीत एवढं ठरवून ठेवा:

पहिलं, गावातलं बाळ कक्षात असेल तर मोठ्या लेकराला आणि सासूला दोन वेळचं जेवण कोण देणार, रोवणीचे दिवस कोण भरून देणार.

दुसरं, गटाच्या बचतीतून तिला येण्याजाण्यासाठी बिनव्याजी थोडी रक्कम. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषध, तपासण्या, रक्त आणि गाडी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा. आईच्या राहण्या-जेवणाची काय सोय आहे, ते दाखल होतानाच विचारा.

तिसरं, आईला मराठी नीट येत नसेल तर मराठी बोलणारी एक मैत्रीण पहिले दोन दिवस सोबत जावी. आमचं अर्धं काम तिथेच सोपं होतं.

चौथं, बाळ घरी आलं त्याच दिवशी आशाताईला कळवा. त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. कक्षात असताना ज्या भेटी झाल्या नाहीत, त्यामुळे पुढच्या बुडू देऊ नका. घरीही बाळ छातीशी धरणं चालू ठेवा. सांगितल्या दिवशी डोळ्यांच्या तपासणीला न्याच. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, आणि ते वेळेत कळलं तर दृष्टी वाचते. कानांचीही तपासणी करून घ्या.

आणि ही लक्षणं भिंतीवर लिहून ठेवा: बाळ पीत नाही, पोट किंवा पाय गार लागतात, एका मिनिटात ६० किंवा जास्त श्वास, छातीत खोल खड्डा पडतो, झटके, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीतून पू. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ वर फोन करा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या भागातल्या गटांनी गरोदर बाईला नवव्या महिन्याआधीच कुठे न्यायचं, ते ठरवून ठेवावं.

मैत्रिणींनो, सगळी बाळं वाचत नाहीत. हे खोटं सांगून आम्ही तुमचा निरोप घेणार नाही. पण ज्या आईने बाळाला छातीशी धरलं, चीक दिला, त्याच्याशी बोलली, ती पुढे "मी त्याला हातसुद्धा लावला नाही" असं म्हणून झुरत नाही. आणि जी बाळं वाचतात, ती आईच्या ओळखीची होऊन घरी येतात.

तेव्हा पुढच्या वेळी गावात "पेटीत ठेवलंय" असं ऐकलं, तर "वाचेल का?" याच्या आधी विचारा, "आई जवळ आहे ना? तिच्या घरचं कोण बघतंय?" आणि तिच्या घरी स्वयंपाकाला जा.